घरी बांधलेल्या विमानाचा अँटेना

घरात ट्रान्झिस्टर रेडिओ असेल, तर एक साधा प्रयोग करून पाहावा. एखादे एफ. एम. केंद्र लावून तो रेडिओ पत्र्याच्या मोठ्या डब्यात ठेवावा आणि झाकण घट्ट लावावे. भाषण किंवा गाणे बहुधा पार नाहीसे होते आणि खरखर तेवढी उरते. तोच रेडिओ लाकडी पेटीत अथवा चिनी मातीच्या बरणीत ठेवला, तर केंद्र पूर्ववत् ऐकू येत राहते. विद्युत्प्रवाह वाहून नेणारा पदार्थ रेडिओ-तरंगांना अडवतो. लाकूड, काच, चिनी माती यांतून ते सुखाने पार होतात.

स्वतःच्या हातांनी लहान विमान बांधणाऱ्या माणसाला या प्रयोगातील तत्त्व कधीही विसरून चालत नाही. त्याचा रेडिओ-संच विमानात त्याच्यासमोर असतो. परंतु त्याचा आवाज कित्येक किलोमीटर दूर असलेल्या नियंत्रण-मनोऱ्यापर्यंत पोचावा लागतो. हे काम ज्या अवयवाकडे असते, तो म्हणजे अँटेना. जुन्या पिढीतील श्रोते ज्याला ‘एरियल’ म्हणत, तोच हा. तो कसा निवडावा आणि कोठे बसवावा, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

हौशी विमानबांधणी

हौसेने विमाने बांधण्याची परंपरा अमेरिकेत विशेष रुजली. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. १९७० सालापासून तिचे वार्षिक संमेलन त्याच राज्यातील ऑशकॉश येथे भरू लागले. आपल्याकडे मुंबईच्या कांदिवली उपनगरात कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. ते २०१६ साली मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि पुढच्या वर्षी त्याची अधिकृत नोंदणी झाली.

कारखान्यात तयार होणाऱ्या विमानात अँटेनाची जागा अभियंत्यांनी मोजमापे घेऊन आधीच ठरविलेली असते. घरी विमान बांधणाऱ्याला हा निर्णय पुष्कळदा स्वतःच घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर त्याची जाणीव आकाशात होते. म्हणून अँटेनामागील तत्त्व त्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

तरंगांचे माप

विमान व विमानतळ यांच्यातील संभाषणासाठी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा पट्टा राखून ठेवलेला आहे. रेडिओ-तरंग सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर वेगाने जातात. त्यामुळे ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागले, की तरंगाची लांबी मीटरमध्ये मिळते. पट्ट्याचा मध्य १२७ मेगाहर्ट्झ धरला, तर ही लांबी २.३६ मीटर येते. तिचा चौथा भाग ५९ सेंटिमीटर होय. प्रत्यक्ष दांडी याहून काही टक्के आखूड ठेवावी लागते. म्हणून ती सुमारे ५६ सेंटिमीटर भरते.

हे तरंग बव्हंशी सरळ रेषेत जातात. विमान ३०० मीटर उंचीवर असता सपाट प्रदेशात त्याचा आवाज सुमारे ७० किलोमीटर आणि १,००० मीटर उंचीवर असता सुमारे १३० किलोमीटर जाऊ शकतो. त्यापलीकडे पृथ्वीची वक्रताच आड येते. ही मर्यादा कोणत्याही अँटेनाला ओलांडता येत नाही. पण सदोष अँटेनामुळे तिच्या आतच संभाषण तुटू शकते. लहान विमानातील संचाची शक्ती साधारणतः ५ ते १० वॅट, म्हणजे घरातील एखाद्या एल. ई. डी. दिव्याइतकीच असते. तिच्यातील अंश वाया घालविणे परवडणारे नसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विमानतळावरील अँटेना उभे असतात, म्हणून त्यांच्याशी बोलणारा विमानाचा अँटेनाही शक्य तितका उभाच हवा. याला तरंगांचे ध्रुवण जुळविणे असे म्हणतात. याच्या उलट, दिशादर्शक केंद्रांचे संदेश १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात आडव्या ध्रुवणाने येतात. त्यांच्यासाठीचा अँटेना आडवा बसवितात.

दोन जुने मार्ग

हाइन्‌रिख हर्ट्झ यांनी १८८७–८८ साली रेडिओ-तरंगांचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले, तेव्हा त्यांनी मध्ये फट असलेल्या दोन सरळ धातुदांड्या एका रेषेत ठेवल्या होत्या. अशा जोडीला द्विध्रुव अँटेना म्हणतात. त्याची एकूण लांबी तरंगाच्या निम्मी असते आणि दोन्ही भुजा सारख्याच कामाच्या असतात.

पुढे गूल्येल्मो मार्कोनी यांनी एक तार उंच उभी केली आणि दुसरे टोक जमिनीला जोडले. येथे दुसरी भुजा दिसत नाही. परंतु ती नाहीशी झालेली नसते. तिचे काम जमीन करते. आरशात जशी उभ्या काठीची प्रतिमा दिसते, तसा वाहक पृष्ठभाग उभ्या दांडीची उणी असलेली भुजा पुरी करतो.

आकाशात जमीन कोठून आणावयाची? तेथे विमानाच्या देहालाच जमीन व्हावे लागते. नवखा बांधकाम करणारा बाहेर दिसणाऱ्या दांडीलाच अँटेना समजतो आणि येथेच फसतो. दांडी हा अँटेनाचा अर्धा भाग असून तिच्या बुडाशी असलेला धातूचा पृष्ठभाग हा दुसरा अर्धा भाग आहे. विमान कशाचे बांधले आहे, हे पाहिल्यावाचून अँटेना निवडता येत नाही, याचे कारण हेच.

विमानाच्या देहाप्रमाणे निवड

ज्या विमानाचे अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आहे, त्यात मार्कोनीचा मार्ग सोपा पडतो. पत्र्याला भोक पाडून उभी किंवा थोडी मागे कललेली दांडी बसविली, की चोहोबाजूंचा पत्रा जमिनीचे काम करतो. मात्र बुडाखालचा रंग खरवडून उघड्या धातूशी धातूची भेट घडवून आणली पाहिजे. रंगाचा पातळ थरही विद्युत्प्रवाहाची वाट अडवितो. वाऱ्याच्या दाबाने व कंपनाने पत्रा चिरू नये, म्हणून आतून जाड पत्र्याचा तुकडा रिव्हेटने जोडून त्या जागेला बळकटी द्यावी.

लाकूड आणि कापड यांच्या विमानात दांडीला साथ देणारा पृष्ठभाग नसतो. तो आपण तयार करावा लागतो. दांडीच्या बुडापासून चार दिशांना तांब्याच्या अथवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, प्रत्येकी सुमारे तरंगाच्या चतुर्थांशाइतक्या लांब, आतील बाजूने पसरल्या म्हणजे काम भागते. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेले असेल, तर त्या पट्ट्या सांगाड्याशीही पक्क्या जोडाव्यात.

काचतंतू आणि राळ यांच्या विमानाची गोष्ट निराळी आहे. काचतंतू हा आपल्या प्रयोगातील बरणीसारखा असतो. तरंग त्यातून आरपार जातात. तेव्हा हर्ट्झचा द्विध्रुव विमानाच्या अंगातच लपविता येतो आणि वाऱ्याचा विरोध मुळीच वाढत नाही. बर्ट रुटान यांनी आखलेली ‘व्हॅरी-ईझी’ (पहिले उड्डाण १९७५) आणि ‘लाँग-ईझी’ (पहिले उड्डाण १९७९) ही विमाने फेसाळ प्लॅस्टिकच्या गाभ्यावर काचतंतूचे थर चढवून बांधली जातात. त्यांच्या पंखांच्या टोकांशी उभे पंखिकापट असतात. त्या उभ्या भागात तांब्याच्या पातळ पट्टीच्या दोन भुजा चिकटवून संभाषणाचा अँटेना तयार करण्याची रीत हौशी मंडळींत रूढ झाली. बारीक तारेऐवजी रुंद पट्टी घेण्यास कारण आहे. अँटेना जितका जाड वा रुंद, तितका तो एकाच कंप्रतेवर अडून न बसता सबंध पट्ट्यात बरे काम देतो.

या सोयीची किंमतही आहे. पट्टी बसवून तिच्यावर काचतंतूचा थर चढला आणि राळ घट्ट झाली, की चूक दुरुस्त करण्यासाठी विमानाचे अंग कापावे लागते. म्हणून डाख दिलेला सांधा, भुजांची लांबी आणि केबलची वाट ही सर्व थर चढविण्यापूर्वीच तपासून घ्यावीत.

कार्बन तंतूचे विमान दिसायला काचतंतूच्या विमानासारखेच असते. पण कार्बन तंतू विद्युद्‌वाहक आहे, म्हणजे तो पत्र्याच्या डब्याच्या जातीचा आहे. त्याच्या आत लपविलेला अँटेना जवळजवळ मुका होतो. अशा विमानात अँटेना बाहेर काढावा, किंवा जेथे केवळ काचतंतू वापरला आहे असा भाग त्यासाठी राखून ठेवावा. काही विमानांत अंग काचतंतूचे आणि मुख्य तुळई कार्बनची असते. आपल्या विमानात कोठे काय आहे याचा नकाशा आरंभीच करून ठेवणे श्रेयस्कर.

जागा आणि केबल

अँटेनाला चोहोकडची दृष्टी मोकळी हवी. पोटाखाली बसविला तर उड्डाणात जमिनीवरील केंद्राशी उत्तम संबंध राहतो. पण विमान धावपट्टीवर असताना तो जमिनीला लागून राहतो आणि चाकांचे धातूचे पाय आड येतात. पाठीवर बसविला तर जमिनीवर सोय होते, पण हवेत खालच्या दिशेला विमानाचीच सावली पडते. दोन संच असल्यास एक अँटेना वर व एक खाली ठेवणे हा चांगला तोडगा होय. दोन अँटेनांमधील अंतर तरंगाच्या चतुर्थांशाहून कमी नसावे. जितके अधिक ठेवता येईल तितके इष्ट.

संच व अँटेना यांना जोडणारी समाक्ष केबल सामान्यतः ५० ओहम संरोधाची असते. चतुर्थांश दांडीचा संरोध सुमारे ३६ ओहम आणि द्विध्रुवाचा सुमारे ७३ ओहम असतो. दोन्ही ५० च्या पुरेसे निकट आहेत, म्हणून ही केबल दोघांनाही चालते. द्विध्रुवापासून केबल काटकोनात दूर न्यावी. ती भुजेला समांतर नेल्यास भुजेचे काम बिघडते. केबलच्या बाहेरील जाळीवरून प्रवाह परत वाहू लागला, तर केबलच अँटेना होऊन बसते आणि वैमानिकाच्या श्रवणयंत्रात खरखर उमटते. हे टाळण्यासाठी अँटेनाजवळ केबलीवर फेराइटची दोन-तीन कडी ओवतात.

आपत्कालीन प्रेषकाचा अँटेना निवडताना वेगळी काळजी घ्यावी लागते. विमान कोसळल्यास हा प्रेषक आपोआप चालू होऊन उपग्रहांना ४०६ मेगाहर्ट्झवर हाक देतो. पूर्वी उपग्रह १२१.५ मेगाहर्ट्झवरील हाकही ऐकत. ती सोय १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झाली. आघातात केबल तुटली तर प्रेषक शाबूत असूनही त्याची हाक कोणास ऐकू जात नाही. म्हणून हा अँटेना प्रेषकाच्या अगदी जवळ, विमानाच्या बळकट भागात बसवावा आणि केबल आखूड ठेवावी.

चाचणी

अँटेनाने न स्वीकारलेली शक्ती केबलमधून संचाकडे परत फिरते. तिचे मान स्थिर तरंगांच्या गुणोत्तराने मोजतात. हे गुणोत्तर १ असेल तर काहीच परत येत नाही. २ असेल तर सुमारे ११ टक्के, आणि ३ असेल तर २५ टक्के शक्ती परत येते. पट्ट्याचा आरंभ, मध्य व शेवट अशा तीन ठिकाणी मोजणी करून सर्वत्र ते २ च्या आत आहे ना, हे पाहावे. मात्र परत न आलेली सगळी शक्ती आकाशात गेली, असेही समजू नये. कार्बनच्या अंगाआड असलेल्या अँटेनाचे आकडेही कधी कधी समाधानकारक दिसतात.

विमानतळावर उभे राहून मनोऱ्याशी बोलून पाहणे ही चाचणी पुरेशी नव्हे. इतक्या जवळून तुटका अँटेनाही ऐकू जातो, आणि हाच भ्रम पुढे घातक ठरतो. अनुमती घेऊन ज्ञात अंतरावर व ठराविक उंचीवर उडावे, विमानाचे नाक क्रमाने आठही दिशांना वळवावे आणि प्रत्येक वेळी मनोऱ्याकडून स्पष्टतेचा १ ते ५ मधील अंक विचारून टिपून ठेवावा. अंक घेताना विमान समतल असावे, कारण ते कलले की अँटेनाही कलतो. एखाद्याच दिशेला अंक घसरत असेल, तर त्या बाजूला एंजिन, चाकाचा पाय किंवा दुसरा अँटेना आड येत आहे असा तर्क करता येतो.

अशी कल्पना करा, की सायंकाळी धूसर हवेत एक लहान विमान गजबजलेल्या विमानतळाकडे येत आहे. मनोरा त्याला सांगतो, की पुढे दुसरे विमान आहे, उजवीकडे वळा. वैमानिकाला ते ऐकू येते, पण त्याचे उत्तर मनोऱ्यापर्यंत पोचत नाही. सूचना कळली की नाही, हे मनोऱ्याला समजत नाही. संच नवा आहे, वैमानिक कुशल आहे. उणीव आहे ती बुडाखाली न खरवडलेल्या रंगाची. हे पाच मिनिटांचे काम विमान बांधताना सहज करता आले असते.

विद्यार्थ्यांसाठी: आपल्या परिसरातील एखाद्या एफ. एम. केंद्राची कंप्रता शोधून तिच्या तरंगाची लांबी व त्या लांबीचा चौथा भाग काढा. १०० मेगाहर्ट्झसाठी तो ७५ सेंटिमीटर येतो. आता ट्रान्झिस्टरची दांडी पूर्ण ओढून तिची लांबी मोजा आणि दोन्ही मापांची तुलना करा. नंतर दांडी थोडी थोडी आत ढकलीत केंद्र कसे क्षीण होत जाते, याची नोंद ठेवा.