इलेक्ट्रॉनचा तुकडा पडतो का?

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं, "एचसीएलच्या रेणूत चार्ज कसा असतो?" मी ऐटीत म्हणाले, "हायड्रोजनवर डेल्टा प्लस, क्लोरिनवर डेल्टा मायनस." "म्हणजे एका इलेक्ट्रॉनपेक्षा कमी. मग काय इलेक्ट्रॉनचा तुकडा पडतो?" मी जरा विचार करून म्हणाले, "हो सर, लहानसा." पुढचं सांगत नाही!

कॉन्व्हेंटमध्ये 'पार्शल चार्ज' हा शब्द मी पाठ केला होता, त्याचा अर्थ कधी विचारलाच नव्हता. रात्री रूमवर रडवेली होऊन बसले, तेव्हा रूममेट म्हणाली, "अगं, थंडीत आपण दोघी एका गोधडीत झोपलो आणि तू रात्रभर ती तुझ्याकडे ओढलीस, तर गोधडी फाटते का? फक्त माझे पाय उघडे पडतात." माझी ट्यूब पेटली ती इथे.

बंधातली इलेक्ट्रॉनची जोडी दोन्ही अणूंची मिळून असते. इलेक्ट्रॉन म्हणजे एका जागी बसलेली गोळी नव्हे, त्याचा ढग दोन्ही अणूंभोवती पसरलेला असतो. लायनस पॉलिंगच्या मोजपट्टीवर इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद हायड्रोजनची २.२०, तर क्लोरिनची ३.१६. म्हणून ढग क्लोरिनकडे दाट आणि हायड्रोजनकडे विरळ होतो. इलेक्ट्रॉन शोधायला गेलात तर तो अख्खाच सापडणार. अपूर्णांकात असते ती फक्त वाटणी.

पण किती? हे आपण डायपोल मोमेंटवरून काढू शकतो. त्याचं एकक डिबाय, म्हणजे १९३६ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या पीटर डिबाय यांच्या नावाचं. एका इलेक्ट्रॉनएवढे धन आणि ऋण चार्ज एक अँगस्ट्रॉम अंतरावर ठेवले, तर ४.८ डिबाय होतात. एचसीएलमधलं अंतर १.२७ अँगस्ट्रॉम. म्हणजे इलेक्ट्रॉन पूर्णपणे क्लोरिनकडे गेला असता तर ४.८ गुणिले १.२७, साधारण ६.१ डिबाय यायला हवे होते. प्रत्यक्षात मोजले तर येतात १.०८. भागाकार करा: ०.१८. म्हणजे अंदाजे १८ टक्के चार्ज. हेच गणित एचएफसाठी केलं (०.९२ अँगस्ट्रॉम, १.८२ डिबाय) तर ४१ टक्के येतात, कारण फ्लुओरिनची ओढ ३.९८ आहे. डेल्टा तोच लिहितो आपण, पण एचएफमधला डेल्टा दुपटीहून मोठा!

इथवर गोधडी पुरली. पुढे कार्बन मोनॉक्साइडने मला पुन्हा आपटलं. कार्बन २.५५, ऑक्सिजन ३.४४, फरक जवळजवळ एचसीएलएवढाच. मग डायपोल चांगला दणकट हवा ना? मोजला तर फक्त ०.११ डिबाय, आणि रेणूचं ऋण टोक चक्क कार्बनकडे! कारण कार्बनवर इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते आणि ती बंधाच्या उलट्या बाजूला, बाहेर पसरलेली असते. ऑक्सिजनच्या ओढीने जो डायपोल तयार होतो, तो ही जोडी खोडून काढते आणि वर थोडी पुढेही जाते. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर नीट जळला नाही की हाच वायू जीव घेतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोहाला तो चिकटतो, तेही कार्बनच्याच टोकाने.

यातून मी एक गोष्ट शिकले. प्रयोगात मोजला जातो तो अख्ख्या रेणूचा डायपोल. त्यातला किती चार्ज कुठल्या अणूच्या नावावर टाकायचा, हे आपण ठरवतो. वरचे १८ टक्केसुद्धा 'चार्ज फक्त दोन टोकांना आहेत' असं धरून काढलेले आहेत. दोनच अणू असलेल्या एचसीएलमध्ये हा अंदाज बरा चालतो, पण सीओमध्ये तोच फसवतो.

तेव्हा ज्युनिअर्सनो, व्हायव्हाला डेल्टा विचारला तर तुकडा पाडू नका. आणि सीओ विचारला तर बाण काढण्याआधी जरा थांबा!