पिल्लू ताटलीला भितं तेव्हा

भाताची ताटली पुढे ठेवली की काही पिल्लं धावत येत नाहीत, भिंतीला चिकटतात. शेपूट पायांत, कान मागे, नजर मात्र भातावर. म्हणजे भूक आहे. भीती आहे ती भाताभोवतीच्या गोष्टींची: सिमेंटवर खणकणारं स्टील, टोचायला येणाऱ्या कोंबड्या, गुरगुरणारा मोठा कुत्रा, कुणी उगारलेली काठी.

आधी दुखणं नाही ना, ते पाहा. उलट्या, रक्ताची हगवण, मलूलपणा असेल किंवा दोन महिन्यांचं पिल्लू अर्धा दिवस काहीच खात नसेल, तर थांबू नका, जनावरांचा दवाखाना गाठा. पार्व्होसारखा आजार लहान जीवाला दोन-तीन दिवसांत संपवतो.

तब्येत ठीक असेल तर भांडं बदला. आमच्या धानोऱ्याकडे पळस शोधावा लागत नाही. दोन-तीन रुंद पानं अंथरा. ती ना वाजतात ना चमकतात. शिवलेली पत्रावळ नको, तिच्या काड्या घशात अडकतील. पानं चावायची सवय असेल तर मातीचा उथळ परळ बरा.

जागा ओसरीच्या कोपऱ्यात, पाठीला भिंत आणि पळायला एक बाजू मोकळी. कोंबड्या आधी डालून ठेवा. शेवटचं खाणं अंधार पडण्याआधी. जंगलालगतच्या गावात बिबट्या कुत्र्यांवर येतो, रात्री पिल्लू घरातच हवं.

मऊ भातात उकडलेलं अंडं किंवा काटे काढलेली मासळी कुस्करा. वरण घालायचं तर फोडणीआधीचं, कारण कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. कोमट असू द्या, वास लवकर पोचतो. दिवसातून तीन-चारदा, ठरल्या वेळी.

आता खरं काम: ठेवा आणि दूर व्हा. दहा पावलांवर पाठमोरं बसा, रोखून पाहू नका, चुचकारू नका. पंधरा मिनिटांनी उरलेलं मुकाट उचला. पिल्लू निवांत खाऊ लागलं की दोन-तीन दिवसांनी एक पाऊल जवळ. शेजारून जाता येऊ लागलं की जाताजाता अंड्याचा तुकडा टाका आणि न थांबता पुढे जा. माणूस जवळ आला की जास्त मिळतं, हे त्याला कळू द्या.

ताटात हात घालून ‘सवय लावण्याची’ जुनी रीत मला मुळीच पटत नाही. त्यातून पिल्लू घाईघाईनं गिळायला आणि गुरगुरायला शिकतं. गुरगुरलं तर मारू नका, मागे सरका. मुलांना जेवणाच्या वेळी लांबच ठेवा. दात लागलाच तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच रेबीजची लस घ्या; पिल्लालाही तीन महिन्यांचं झालं की ती द्यायचीच.

मेघगर्जना किंवा लग्नातले फटाके झाले की पिल्लू पुन्हा भिंतीला चिकटेल. तुम्हीही पुन्हा दहा पावलांवर जा.

स्टीलची ताटली परत आणायची असेल तर ती गोणपाटावर ठेवून वर पळसाचं पान पसरा. पान रोज थोडं लहान फाडा.