मुका मार आणि 'एकिमोसिस'

गेल्या दिवाळीत मी वारासिवनीला घरी गेलो, तेव्हा आजीच्या दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग होता. शेजारणी काकूकडे संशयाने पाहत होत्या आणि काकूच्या घशाखाली घास उतरत नव्हता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र एकच शब्द होता : 'एकिमोसिस'. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तरीही त्या शब्दाचा पिच्छा पुरवला. त्याचे फळ म्हणजे हा लेख.

हा शब्द मूळ ग्रीक. अर्थ, रस बाहेर पाझरणे. त्वचेखालील बारीक रक्तवाहिन्या फुटल्या की रक्त भोवतालच्या भागात पसरते व डाग दिसतो. टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांना 'पेटेकिया' म्हणतात. साधारण 1 सेंटिमीटरहून मोठा डाग तो एकिमोसिस. डाग प्रथम तांबूस-निळा असतो. पुढे रक्तातील हिमोग्लोबिनचे विघटन होऊन बिलिव्हर्डिन हे हिरवे व नंतर बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य बनते, म्हणून रंग पालटतो. बहुधा दोन आठवड्यांत डाग जातो. तथापि केवळ रंगावरून त्याचा नेमका दिवस सांगता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपण अशा डागाला सर्रास 'मुका मार' म्हणतो. आमच्याकडे हिंदीत 'गुम चोट' म्हणतात. माझ्या कानडी मित्राने 'मूगेटु' हा शब्द सांगितला. 'मूग' म्हणजे मुका, 'एटु' म्हणजे तडाखा. मराठी-कानडीचे हे साम्य पाहून मौज वाटली. परंतु या तिन्ही शब्दांत मार गृहीतच धरलेला आहे. माराने झालेल्या अशा इजेला डॉक्टर 'कन्ट्यूजन' म्हणतात. 'एकिमोसिस' फक्त डाग सांगतो, कारण सांगत नाही. उतारवयातील नाजूक त्वचा, रक्त पातळ करणारी गोळी, क जीवनसत्त्वाची उणीव, रक्तातील प्लेटलेट कमी होणे, यांपैकी कशानेही जरासा धक्का पुरतो.

खतावणीत रक्कम दिसली म्हणून व्हाउचर पाहिल्यावाचून आपण कारकुनाला चोर ठरवीत नाही. इथेही तोच न्याय हवा. अर्थात मारहाण झाली असेल तर ती झाकावी, असा याचा अर्थ नव्हे. विनाकारण डाग उठू लागले तर डॉक्टरांना दाखवावे, एवढेच.

आजी हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेत होती. चिठ्ठीचा अर्थ मी शेजारणींना हिंदीत समजावून सांगितला. त्या रात्री काकू आमच्याबरोबर पानावर बसली.