सहावं गाणं त्रेपन्नावं कसं झालं

कामतघर, भिवंडी

चि. सोन्यास,


रामनवमीच्या घोळाबद्दल तू फोनवर तीनदा माफी मागितलीस. माफीचं राहू दे. झालं काय ते समजून घे, कारण तुझ्या दुरुस्तीने घोळ वाढलाय.

आजीचा हिशेब चोख होता. साडेअकराला गीतरामायण लावायचं, पाच गाणी झाली की बाराला पाळण्याशी सहावं, रामजन्माचं. पण तू भरून दिलेल्या पेनड्राइव्हवरून पहिल्यानंतर स्पीकरने थेट दहावं घेतलं. मग अहिल्येचा उद्धार, सीतेचं स्वयंवर... बाराच्या ठोक्याला आजीच्या हातात पाळण्याची दोरी आणि स्पीकरवर कैकेयी दशरथाला वचनाची आठवण देतेय! शेजारच्या काकूंनी सुंठवडा तोंडात तसाच धरून ठेवला.

त्या स्पीकरला 10 म्हणजे दहा हे कळत नाही. तो अक्षरं लावतो तसे फाइलच्या नावातले आकडे लावतो: 1, मग 10, 11, थेट 19 पर्यंत, मग 2, मग 20. या हिशेबाने सहावं गाणं त्रेपन्नावं येतं. मी कागदावर मांडून पाहिलं. तुझ्या कॉम्प्युटरवर 1 नंतर 2 च दिसतं, कारण विंडोज आकडा ओळखून रांग लावतं. म्हणून तुला वाटलं, सगळं ठीक आहे. तिथेच फसलास.

पुढची चूक मोठी. टॅग, म्हणजे फाइलीच्या आत लिहिलेली गाण्याची माहिती, बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी गाणी निवडलीस आणि आपोआप नंबर टाकायचं बटण दाबलंस. ते बटण फक्त पडद्यावरची रांग बघतं आणि वरून खाली नंबर मारत सुटतं. तिथली रांगच 1, 10, 11 अशी होती, म्हणून दहाव्याच्या टॅगमध्ये 2 पडला. आता टॅग वाचणारा माझा मोबाइलही तोच गोंधळ वाजवतो, आणि तो तर परवापर्यंत बरोबर होता.

लूमच्या कारखान्यात मी मेहताजी असताना हेच पाहिलंय. ताक्याच्या टोकाला खडूने लूमचा नंबर असायचा आणि तोच वहीत. एका नव्या पोराने ताके ढिगात जसे पडले होते त्या क्रमाने वही लिहून काढली. अक्षर मोत्यासारखं, पण एकाची मजुरी दुसऱ्याच्या नावावर. वही फाडून उपयोग नव्हता. खडूचा नंबर वाचून पुन्हा लिहावी लागली.

तुझ्याकडेही खडूचा नंबर शाबूत आहे: फाइलच्या नावात. म्हणून आधी सगळ्या फाइलींची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव. मग फाइलच्या नावावरून टॅगमध्ये नंबर घ्यायची सोय वापर. एमपीथ्रीटॅगमध्ये ती आहे. त्यानंतर नावातले एक ते नऊ हे 01, 02 असे कर. शेवटी पेनड्राइव्ह रिकामा करून फाइली क्रमाने पुन्हा भर. काही स्पीकर नाव बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाइली भरल्या त्याच क्रमाने वाजवतात.

दुरुस्त करूनही जुनाच नंबर दिसला तर चिडू नकोस. एका एमपीथ्रीत दोन टॅग असू शकतात. जुना अगदी शेवटी, 128 बाइटचा, आणि त्यात गाण्याच्या नावाला 30 अक्षरं, तीही रोमन. नवा बहुधा सुरुवातीला. तू एक सुधारतोस आणि यंत्र दुसरा वाचतं. मोबाइलही जुनी यादी धरून बसतो, त्याला पुन्हा शोधायला लाव. नंबर 6/56 असा लिहिला असेल तर एखादं यंत्र त्यावरही अडतं. नुसता 6 ठेव.

एरवी क्रम चुकला म्हणून कोणी एवढं पत्र लिहिलं नसतं. सिनेमाची गाणी उलटसुलट वाजली तर कोणाचं काय जातं? पण ही गाणी 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी आली. माडगूळकर लिहीत, फडके चाल लावत. वर्षाची 52 व्हायची, अधिक महिना आला म्हणून 56 झाली. आणि गंमत बघ, शेवटच्यात वाल्मीकी कुशलवांना रामायण गायला सांगतात, पहिल्यात ते रामापुढे गातायत. म्हणजे छप्पन्नाव्यानंतर पहिलं लागलं तर ती चूक समजू नकोस, तिथे हात लावू नकोस.

क्रमाची शंका आली तर आजीचं जुनं पुस्तक आहेच, तिच्या उशाशी. रविवारी येताना पेनड्राइव्ह आण. सहावं मी स्वतः मोजून ऐकणार आहे, आणि आजी सुंठवडा पुन्हा करणार आहे.

तुझा,
मामा