शेतातले नाणे रोमन असेल का?

प्रश्न : नांगरणीत राजाचा चेहरा असलेले चांदीचे नाणे सापडले. रोमन असेल का? संग्रहात ठेवू का? – एक वाचक, अमडापूर (जि. बुलढाणा)

उत्तर : अक्षरे पाहा. लॅटिन असतील तर रोमनची शक्यता. ब्राह्मी असतील तर सातवाहन किंवा क्षत्रपांचे. त्यांनीही चेहऱ्याची चांदीची नाणी पाडली. रोमन सम्राट ऑगस्टसचे चांदीचे नाणे, डिनेरियस, साधारण पावणेचार ग्रॅमचे. कडेला सांध्याची रेघ असेल तर ते ओतीव, बहुधा नकली. तेर या प्राचीन व्यापारी गावी तर रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृतीही मिळाल्या आहेत. चिंचेने घासू नका, मोल उतरते. संग्रहात ठेवायचे म्हणाल, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. ते आधी करा. संग्रहासाठी नाणी परवानाधारक विक्रेत्याकडूनच, पावतीसह घ्या.