मुक्त सॉफ्टवेअर आणि शाळेचे स्वावलंबन

संगणक कक्षाला कुलूप लागण्याचे कारण नेहमी यंत्रांचा अभाव हेच नसते. यंत्रे असतात, परंतु सॉफ्टवेअरचा परवाना संपलेला असतो, व्हायरसने फायली निकामी केलेल्या असतात आणि दुरुस्ती करणारा माणूस येईपर्यंत सत्र संपते. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्या मुलांचे हे नुकसान भरून निघत नाही, हे आम्ही निवासी शाळेतील शिक्षक जाणतो.

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प घोषित केला. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल प्रसिद्ध केले. सॉफ्टवेअर वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि इतरांना देण्याची मुभा हा या परंपरेचा गाभा होय. केरळमध्ये २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला आणि पुढे तेथील शासकीय शाळा ग्नू-लिनक्सकडे वळल्या. परवान्याचा खर्च वाचला. पण यशाचे मर्म निराळेच आहे. बाहेरच्या तंत्रज्ञावर विसंबून न राहता विषयशिक्षकांनाच प्रशिक्षण देण्यात आले. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ मंडळांद्वारे विद्यार्थीही या कामात सहभागी झाले.

मात्र मुक्त म्हणजे विनासायास नव्हे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मराठी कागदपत्रे आधी रूपांतरित करावी लागतात. प्रिंटर चालतो की नाही, हेही आधीच तपासावे लागते. म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम आहे त्याच प्रणालीवर लिबरऑफिस वापरावे. नंतर एका संगणकावर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. त्याने हार्डडिस्कवरील माहितीला धक्का लागत नाही. इंटरनेट बेभरवशाचे असल्यास आवश्यक फायली शाळेतच जपून ठेवाव्यात. एकाऐवजी दोन शिक्षक तयार करावेत, कारण बदली झाली की ज्ञानही निघून जाते. प्रत्येक बिघाड आणि त्याचा उपाय वहीत मराठीत नोंदवावा; नववीच्या मुलांनी ती वही आठवीच्या हाती सोपवावी.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला संगणक दिले, तर आम्ही कृतज्ञच राहू. परंतु वर्षातून दोन दिवस येऊन मुलांसोबत ते उघडून बसणे, हे त्याहून मोठे दान ठरेल. यंत्र जुने होते. दुरुस्त करता येण्याचा आत्मविश्वास पुढच्या वर्गाकडे जातो.