बिअर ओतायची कुठे?

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो: बिअरचं यंत्र घेताना मी विचारलं होतं. ‘यात आपल्याकडची बिअर चालते ना?’ हे मी वाशीच्या दुकानदाराला धाकट्या साडूंच्या समोर विचारलं आणि तो म्हणाला, ‘सगळी चालते, साहेब.’ केग, म्हणजे बिअरची पिंपं, कुठे मिळतील, हेही विचारलं. ‘तळोज्याला एवढा मोठा बिअरचा कारखाना आहे, तुमच्या पेणच्या वाटेवर. केगची कसली चिंता करता?’ हे त्याचे शब्द. आज तेच साडू ‘चौकशी न करता घेतलं’ असं सांगत फिरतात, म्हणून हे लिहायला बसलो.

तिघा साडूंनी वर्गणी काढून मेव्हण्याच्या निवृत्तीला घरगुती ड्राफ्ट बिअरचं यंत्र द्यायचं ठरवलं होतं. धाटावच्या एमआयडीसीत त्याची सगळी नोकरी शिफ्टमध्ये गेली. आता संध्याकाळ त्याची स्वतःची, तर घरच्या घरी नळाची गार बिअर मिळावी, इतकाच हेतू. पेणहून वडखळ, नागोठणे, भिसे खिंड असं ते खोकं मी मांडीवर धरून रोह्याला नेलं.

गच्चीवर घरची मंडळी आणि त्याचे कंपनीतले सोबती जमले होते. यंत्र टेबलावर ठेवलं, वायर जोडली, निळा दिवा लागला, टाळ्या झाल्या. मेव्हण्याने फ्रीजमधली थंड बाटली फोडली आणि विचारलं, ‘भावोजी, ओतायची कुठे?’

मी झाकण उघडलं. आत टाकी नव्हतीच. एक गोल पोकळी आणि तिच्यात गार होणारी धातूची थाळी. माहितीपुस्तिकेत चित्र होतं: सीलबंद केग आत सरकवायचा, त्याच्या तोंडाला नळी बसवायची, झाकण लावायचं. बाटलीतली बिअर या यंत्रात जाऊच शकत नाही, हे मला तिथे, सगळ्यांसमोर कळलं. मेव्हणा मोठ्या मनाचा. ‘राहू द्या, दिसतंय तर छान,’ म्हणाला. थोरल्या साडूंनी मात्र त्याच टेबलाशी उभं राहून ऐकवलं, ‘मी घड्याळ द्या म्हणत होतो.’ घड्याळाचं नाव त्यांनी तोवर एकदाही काढलेलं नव्हतं.

दुकानदाराला तिथूनच फोन लावला. आधी म्हणाला, केगची ऑर्डर टाकली आहे, येतील. पुढच्या फोनला म्हणाला, युरोपातून मागवावे लागतात. त्यापुढे, ‘तुम्ही विचारलंच नव्हतं.’ आणि शेवटी, खोकं फोडलंय, परत घेता येणार नाही.

यंत्रात खोट नाही, हेही सांगायला हवं. परदेशात ही यंत्रं उत्तम चालतात, कारण तिथे केग दुकानात मिळतो. फिलिप्सच्या परफेक्टड्राफ्टला 6 लिटरचा ठराविक केग लागतो, हायनेकेनचा छोटा केग 5 लिटरचा. एकाचा केग दुसऱ्यात बसत नाही. प्रिंटर एका कंपनीचा घेतला की शाईही तिचीच घ्यावी लागते, तसंच हे. आपल्याकडे बारमध्ये दिसतात ते केग मोठे, 30 किंवा 50 लिटरचे, आणि कारखाना माल देतो तो परवानाधारक व्यापाऱ्याला. तळोज्याच्या फाटकावर उभं राहून कुणाला केग मिळत नाही. परदेशातून येणाऱ्या भाच्याला सांगाल, तर विमानाच्या सामानातून करमुक्त दारू 2 लिटरच आणता येते. 6 लिटरचा केग तिथेच अडतो.

म्हणून पहिला प्रश्न यंत्राचा नाही, केगचा. ‘केग मिळतात का?’ असं विचारू नका, ‘आत्ता एक केग मला विका’ असं म्हणा. दुकानदार तिथेच उघडा पडतो.

दुसरं, गार कसं करतं ते विचारा. यातल्या बऱ्याच यंत्रांत काँप्रेसर नसतो, पेल्टिअर पद्धतीची, म्हणजे थेट विजेने गार होणारी, थाळी असते. ती खोलीच्या तापमानाच्या ठराविक अंशच खाली जाते आणि कोमट केग गार करायला बारा तासांहून जास्त घेते. मे महिन्यातल्या रोह्याच्या उकाड्यात, त्यातून वीज गेली तर, संध्याकाळच्या पाहुण्यांना कोमट फेसच मिळणार. केग आधी दिवसभर फ्रीजमध्ये ठेवता येत असेल तरच अशा यंत्राला अर्थ आहे.

अमेरिकेतून कुणी यंत्र आणत असेल तर तिथला विजेचा दाब 120 व्होल्टचा, आपला 230 चा. नुसती पिन बदलून भागत नाही, ट्रान्सफॉर्मर लागतो. नळी आणि तोटी दर केगनंतर धुवावी लागते, नाहीतर यीस्ट आणि बुरशी धरते. निवृत्त माणसाला हे काम भेट म्हणून द्यायचं का, याचा विचार करा. भेट घेणाऱ्याला बिअर आवडते का, तेही बघा. आणि महाराष्ट्रात दारूबंदी कायदा 1949 पासून आहे. सौम्य बिअरलासुद्धा वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात, आणि पिण्याचा परवाना काढून ठेवलेला बरा.

बाटल्याच ओतायच्या असतील तर 3 लिटरचा बिअर टॉवर घ्या. मध्ये बर्फाची नळी, खाली तोटी, विजेची गरज नाही. 650 मिलीच्या साडेचार बाटल्या त्यात मावतात. बिअर दीडदोन तासांत संपवायला हवी, नाहीतर वायू निघून जातो. खरी ताजी बिअर हवी असेल तर झाकणाला तोटी आणि कार्बन डायऑक्साइडची कुपी असलेला स्टीलचा छोटा केग मिळतो. पुण्यात 2009 मध्ये डूलालीने मायक्रोब्रुअरी सुरू केली, तेव्हापासून पुण्यात आणि पुढे मुंबईतही अशी ताजी बिअर मिळू लागली. तिथून भरून आणायची तर बर्फाच्या पेटीतून आणा आणि एकदोन दिवसांत संपवा. कुपी किती ग्रॅमची लागते, 8 की 16, हे तोटीवर बघून घ्या. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आणि पैसे देण्याआधी दुकानदाराकडून व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ लिहून घ्या: ‘यात अमुक बिअर चालते, केग अमुक ठिकाणी मिळतो.’ 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूच्या उपयोगाबद्दल दिशाभूल करणं, मग ते तोंडी का असेना, अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. पण तोंडी बोललेलं सिद्ध करताना साडू साक्षीला येतीलच असं नाही. माझे आले नाहीत. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दुकान वाशीत असलं तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मी केली आहे. खोकं फोडल्याशिवाय आत टाकी आहे की नाही हे गिऱ्हाइकाला कळणार कसं, एवढंच मला त्या दुकानदाराच्या तोंडून ऐकायचं आहे.